मास्तरांची टोपी आटत नाही

माणसाचं डोकं आतून कसं असतं हे शिकण्यात मी उमेदीची आठ-दहा वर्षं घालवली, पण ते बाहेरून कसं असतं हे अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकाच माणसाला कळत होतं आणि तो शिंपी होता. हे मी विनयानं म्हणत नाही. विनय माझ्या अंगी तेव्हाही नव्हता आणि माझी बायको म्हणते की आताही नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण संपवून मी मुंबईहून वर्ध्याच्या एका इस्पितळात नुकताच रुजू झालो होतो, आणि या मुलखात डोकं उघडून परत मिटवणारा मीच काय तो एकटा, अशी माझी समजूत होती. ती समजूत घेऊन मी पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरलो तेव्हा व्हरांड्याच्या कोपऱ्यात शिलाई मशीनवर बसलेल्या एका सुकड्या गृहस्थानं पाय थांबवून माझ्याकडे, म्हणजे माझ्या कपाळाच्या जरा वर, निरखून पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला सांगितलं, "साडेतेवीस. मागून चपटं हाय."

या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि आमचे हिरवे झगे शिवायला त्यांना नेमलं होतं. पण चादरीला डोकं नसतं, त्यामुळे तिच्यात त्यांचं मन रमत नसे. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, चेहरे तर त्याहून नसत. डोक्याचा घेर मात्र एकदा पाहिला की इंचांत कायमचा. "त्या पावणेबाविसाले सांगजो, त्याचा झगा झाला म्हून," असा निरोप ते पाठवत आणि शिपाई बरोबर त्या डॉक्टरकडे जाई. स्वतःच्या बायकोची ओळखही त्यांनी मला "आमच्या घरचे, सव्वावीस" अशीच करून दिली होती, आणि त्या बाई लाजल्याही होत्या. गळ्यात टेप कायम. आम्ही डॉक्टर लोक छाती तपासायची नळी जशी गळ्यात अडकवून मिरवतो तशीच ती त्यांच्या गळ्यात असे, शिवाय केस पांढरे आणि बोलणं ठाम, त्यामुळे नवखी माणसं आत येताना मला ओलांडून त्यांनाच नमस्कार करत. आंजीहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं त्यांच्यासमोर बसून आपल्या खोकल्याची सगळी कहाणी सांगितली. मास्तरांनी ती नीट ऐकून घेतली, त्याचं डोकं मोजलं आणि, "डोकं बरोबर हाय. खोकल्याचं मले समजत नाई, थे अंदरचे साहेब पाहतेत," असं म्हणून त्याला माझ्याकडे धाडलं. माझ्याकडून बाहेर पडल्यावर म्हातारा पुन्हा मास्तरांकडे गेला आणि मी सांगितलेलं औषध घ्यावं की नाही हे त्यांना विचारून आला.

मास्तरांची खरी विद्या मात्र टोपीत होती, आणि ती टोपी समजायची तर माझा धंदा थोडा सांगावा लागेल. डोक्याला जबर मार बसला की आत मेंदू सुजतो, आणि कवटी काही त्याला जागा करून देत नाही. मग आम्ही कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून घेतो, म्हणजे सुजेला बाहेर यायला वाट मिळते. तो तुकडा वाया जाऊ नये म्हणून रोग्याच्याच पोटावर कातड्याखाली ठेवून देतो आणि सूज ओसरली की दोन-चार महिन्यांनी परत जागेवर बसवतो. (एका आईनं आपल्या पोराला बजावलेलं मी या कानांनी ऐकलं आहे, "डोकं पोटात ठेवलं हाय बाप्पा, हळू जेवजो.") मधल्या काळात डोक्याच्या त्या भागावर नुसतं कातडं असतं, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं मऊ. तिथं धक्का लागू नये म्हणून मास्तर टोपी शिवत. खास विणून घेतलेली बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्या दोन्ही अंगांना कापूस, वरून जाडं सुती कापड. कापूस ते बाजारात जाऊन स्वतः हातानं पारखून आणत. कापड शिवण्याआधी तीनदा भिजवून तीनदा वाळवत, म्हणजे ते जितकं आटायचं तितकं आधीच आटून घेई. ते वाळवायची जागा म्हणजे वॉर्डाचा कठडा, आणि त्यावरून मोठ्या सिस्टरबाईंशी त्यांचं जे भांडण चाले ते माझ्या देखत तरी कधी मिटलं नाही. टोपी झाली की स्वतःच्या डोक्यावर घालून चौकटीवर तीनदा डोकं आपटून पाहत. "मास्तराची टोपी आटत नाई अन् फाटत नाई," हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून एकदा तरी येई.

आता माझ्याविषयी. अशा ऑपरेशननंतर काही रोग्यांच्या डोक्यात आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी महिन्यानं, पाणी साठू लागतं. बरा होत आलेला माणूस मंदावतो, पाय घासत चालतो, सुस्त पडून राहतो, आणि वेळेवर कळलं नाही तर हातचा जातो. वेळेवर कळलं तर बारीक नळी घालून ते पाणी पोटात उतरवता येतं. डोक्याच्या आतलं दाखवणारं मोठं यंत्र तेव्हा आमच्या भागात यायचं होतं. त्यामुळे पाणी कुणाला होणार हे आधीच ओळखणं ही मोठी गोष्ट होती, आणि ती आपल्याच हातून व्हायची आहे असं मला मनापासून वाटत होतं. मी एक जाड वही घातली. तिच्यात अकरा रकाने: वय किती, बेशुद्धी किती दिवस, तुकडा किती मोठा, तो डोक्याच्या मधल्या रेषेच्या किती जवळ, आत रक्त किती, असं काय काय. प्रत्येक रकान्याला गुण, शेवटी बेरीज. बेरीज सातच्या वर गेली की पाणी होणार, खाली राहिली की नाही. या गणिताला जगानं माझं नाव द्यावं अशी इच्छा असल्यामुळे मी आधीपासूनच ते माझ्या नावानं म्हणायला सुरुवात केली होती. माझ्याखेरीज फक्त बायको म्हणायची, तेही आमटीत मीठ जास्त पडलं की, "तुमच्या गणितानं घातलं," एवढंच. नागपूरच्या डॉक्टरांच्या सभेत त्यावर निबंध वाचायचा आणि वाचताना चष्मा कुठल्या क्षणी काढायचा, इथवर माझी तयारी झाली होती. गणित तेवढं जुळत नव्हतं. ज्याला हमखास पाणी होणार म्हणून मी तीन आठवडे खाटेवर अडकवून ठेवलं तो आंजीचाच एक तरुण गडी कंटाळून एके सकाळी खिडकीतून पळाला आणि पोळ्याला बैलजोडीपुढे नाचताना आमच्या शिपायाला दिसला.

आणि मास्तरांचं जुळत होतं. त्यांच्याकडे वही नव्हती. प्रत्येक टोपीच्या कापडाची एक चिंधी आणि तिला टाचलेली मापाची चिठ्ठी, अशा चिंध्यांचा झुबका मशीनशेजारच्या खिळ्याला लटकलेला असे. टोपी नीट बसते की नाही हे पाहायला ते रोज वॉर्डात येत, टेप लावत, मऊ जागेवर दोन बोटं अलगद ठेवत, आणि एखाद्याच्या टोपीच्या शिवणीत आतून दोन बोटं जास्तीचं कापड सोडून ठेवत. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. का सोडलं असं विचारलं तर म्हणत, "मोठी कराव लागन." आणि त्यातल्या बहुतेकांच्या टोप्या खरोखरच मोठ्या कराव्या लागत, म्हणजे मला नळी घालावी लागे. ही गोष्ट वॉर्डात पसरायला वेळ लागला नाही. टोपी हातात आली की नातेवाईक आधी ती उलटी करून शिवण चाचपून पाहू लागले. रुंद शिवण निघाली की बायका रडायला बसत, अरुंद निघाली की पेढे वाटत. माझी बेरीज कुणी विचारीना. मला राग आला. मी मास्तरांना बोलावून घेतलं आणि बजावलं, की रोग्यांना घाबरवणं बंद करा, यापुढे सगळ्या टोप्यांना सारखीच अरुंद शिवण घालायची. मास्तरांनी माझ्या कपाळाच्या वर पाहिलं. "तुमी म्हणता तसं, साहेब," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी तसं केलं.

त्याच सुमाराला वडनेरची एक बाई आली. तिशीच्या आतलीच, कडब्याच्या गंजीवरून डोक्यावर पडलेली, घरी दोन लहान लेकरं, त्यातलं धाकटं अजून अंगावर पिणारं. तिच्या डोक्याचा डाव्या बाजूचा तुकडा काढावा लागला. ती वाचली, बोलू लागली, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, की पुरुषाची टोपी मी घालणार नाही. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. मास्तरांनी समजावलं नाही. त्यांनी तिच्या नवऱ्याकडून तिचं एक जुनं हिरवं लुगडं मागवलं, तीनदा भिजवलं, तीनदा वाळवलं, आणि त्याची अशी टोपी केली की पदर घेतला की खाली काही आहे असं दिसू नये. ती घालून बाई आरशात पाहून हसली. माझ्या वहीत तिची बेरीज चार झाली. चार म्हणजे निर्धास्त. मी तिला घरी सोडलं आणि हाड बसवायला तीन महिन्यांनी यायला सांगितलं.

मास्तर दारातच उभे होते. "तीन महिने, साहेब? मी त नवी टोपी पंधरा दिवसांनी एकडाव पाह्यतोच."

"मास्तर, ही टोपी नाही, मेंदू आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

पाच आठवडे गेले असतील. दुपारी बाराच्या सुमाराला माझी बाहेरच्या रोग्यांची रांग चालली असताना मास्तर रांग मोडून आत घुसले. एका हातात हिरवी टोपी, दुसऱ्या हातात त्या बाईच्या नवऱ्याचं मनगट. नवरा मेव्हण्याच्या सोयरिकीसाठी वर्ध्याला आला होता आणि आलोच आहोत तर मास्तरांकडे तक्रार करून जावी म्हणून फाटकाशी डोकावला होता. टोपी एका बाजूला शिवणीत उसवलेली होती.

"सांग," मास्तर त्याला म्हणाले. "मले जे सांगतलं थे साहेबाले सांग."

"काई नाई जी," नवरा ओशाळून म्हणाला. "टोपी आटली. मायनं दोन-तीनदा धुतली, त थे डोक्यात जाईना. जोर लावला अन् उसवली. मी म्हटलं, मास्तर एखादी मोठी देईन."

मी हसलो. समोरच्या रोग्यांकडे पाहूनही हसलो. "अहो मास्तर, त्यात काय एवढं? नवं कापड धुतलं की आटतंच."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांना कुणी शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं. माझ्या टेबलाशेजारी हात धुवायचं पाण्याचं भांडं होतं, त्यात त्यांनी ती टोपी बुचकळली, पिळली, उसवलेल्या कडा जुळवून गळ्यातल्या टेपनं भर रांगेसमोर तिचा आतला घेर मोजला आणि खिळ्यावरच्या झुबक्यातून काढून आणलेली चिठ्ठी टोपीशेजारी माझ्या कागदांवर ठेवली. चिठ्ठीवर साडेएकवीस. टेपवर साडेएकवीस. शास्त्र म्हणून तो प्रयोग कच्चा होता असं मी आजही म्हणेन, पण त्या खोलीत शास्त्राच्या बाजूनं मी एकटाच होतो.

"टोपी तेवढीच हाय," मास्तर म्हणाले. "डोकं वाढलं."

"केस वाढले असतील," मी म्हणालो. "ऑपरेशनच्या वेळी हजामत केली होती तिची." माझ्या मनात तेव्हा ती बाई नव्हती, ते चार गुण होते. हे लिहिताना अजून कान तापतात.

"केस चहूकून वाढतेत, साहेब," मास्तर हळू आवाजात म्हणाले आणि उसवलेली जागा त्यांनी माझ्यापुढे धरली. "हे डाव्या अंगानंच काऊन उसवली?"

डाव्या अंगाला तिला हाड नव्हतं. मी नवऱ्याकडे वळून, ती घरी कशी असते ते विचारलं. चांगली आहे, तो म्हणाला, फक्त आळशी झाली आहे, दिवसभर झोपून राहते, चालताना पाय ओढते. मग त्याला काहीतरी आठवलं. "परवा मांजर चुलीपाशी येऊन पोट्ट्याचं दूध पिऊन गेली जी. हे तिथंच बसून पाहून राह्यली. हाकललंच नाई. माय लय बोलली तिले." हे सांगताना तो हसत होता. मास्तर हसत नव्हते आणि मी खुर्चीवरून उठलो होतो.

रांग तशीच सोडून आम्ही इस्पितळाची जीप काढली. वडनेरपर्यंतचा रस्ता तेव्हा रस्ता कमी आणि खड्डे जास्त असा होता. पुढे ड्रायव्हर आणि मी, मागे नवरा आणि मास्तर, मास्तरांच्या मांडीवर ती ओली टोपी. मी मनातल्या मनात बेरीज पुन्हा पुन्हा करत होतो आणि ती पुन्हा पुन्हा चारच येत होती. बाई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. हाक मारली तर डोळे उघडले, ओळख मात्र पटली नाही. पदर सारून पाहिलं तर कानाच्या वरची ती मऊ जागा ताणून फुगलेली. धाकटं लेकरू तिच्या मांडीवर चढत होतं आणि तिचा हात त्याला धरायला उठत नव्हता. अजून एक-दोन दिवस गेले असते तर मला काही करता आलं नसतं, हे मी तिच्या सासूला सांगितलं नाही, मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग इथं काऊन उभे हाये, साहेब? उचला."

त्याच संध्याकाळी तिच्या डोक्यातलं पाणी काढलं आणि पुढे नळी घातली. चौथ्या दिवशी तिनं लेकराचं नाव घेतलं. त्या दिवशी मी व्हरांड्यात मास्तरांच्या मशीनशेजारी जाऊन बसलो. माफी मागायची होती आणि मला तिची सवय नव्हती. माया सोडू नका असं मी सांगायला नको होतं, असं काहीतरी पुटपुटलो. मास्तर दोरा ओवत होते. "बरं झालं नाई सोडली थे," ते म्हणाले. "सोडली असती त सासूनं घरच्या घरी शिवण उसवून टोपी मोठी केली असती. इथपर्यंत कोन आलं असतं?" माझ्या मूर्खपणातून त्यांनी माझ्यासाठी एवढं पुण्य शोधून काढलं होतं. मग मी मनात ठसठसणारा प्रश्न विचारला, तुम्हाला आधी कळतं कसं? त्यावर ते बुचकळ्यात पडले. "आधी कुठं कळते, साहेब? शंका आली त माया सोडतो, मंग घरी जाऊन पाह्यतो ना." तेव्हा मला समजलं, की मी आल्यापासून दर रविवारी एसटी पकडून हा माणूस गावोगाव घरी गेलेल्या रोग्यांच्या टोप्या पाहून येत होता, आणि टोपी तंग दिसली की त्यांना माझ्याकडे लावून देत होता. मी त्यांना फक्त वॉर्डात पाहत होतो आणि त्यांचं जुळतं ते अंदाजानं, असं समजत होतो. वडनेरलाच ते गेले नव्हते, कारण ही टोपी नाही, मेंदू आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. माझ्या वहीत अकरा रकाने होते, पण रोग्याच्या घरी जाऊन आल्याचा एकही नव्हता.

निबंध मी वाचला नाही. रविवारी मात्र आम्ही दोघं जाऊ लागलो. ऐंशीच्या दशकात नागपूरला ते मोठं यंत्र आलं आणि पाणी आधी दिसू लागलं, तरी जात राहिलो. बाईचं हाड बसवून झालं, टोपीची गरज उरली नाही, पण ती दर वर्षी दिवाळीच्या बाजाराला वर्ध्याला आली की मास्तरांपुढे स्टुलावर बसायची आणि मास्तर तिचं डोकं मोजायचे. साडेएकवीस. मग गंभीर चेहऱ्यानं एकच प्रश्न, "मांजर दूध पिऊन जाते का?" ती म्हणायची, "पिऊन त पाहो!" आणि दोघंही हसायचे.

मास्तर एका उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापानं गेले. त्यांचं डोकं किती होतं हे त्यांना सोडून कुणालाच माहीत नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्या दिवाळीला मी ओपीडीत बसलो असताना ती वडनेरची बाई दारात येऊन उभी राहिली. व्हरांड्यातला रिकामा कोपरा ती पाहून आली होती. ती माझ्यासमोर बसली आणि पिशवीतून एक कोरी टेप काढून टेबलावर ठेवली.

"आता तुमीच मोजा," ती म्हणाली.

मी टेप उलट्या टोकानं धरली. तिनं ती माझ्या हातातून घेऊन सरळ करून दिली. मास्तर पदर न सरकवता टेप आतून कशी फिरवत, तेही सांगितलं, आणि तिसऱ्या खेपेला मला ते जमलं. आकडा मी दोनदा वाचला. "साडेएकवीस," मी म्हणालो. ती तशीच बसून राहिली. काहीतरी राहिलं होतं आणि ते काय हे मला ठाऊक होतं.

"मांजर दूध पिऊन जाते का?" मी विचारलं.

तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "पिऊन त पाहो," ती म्हणाली.